‘आता दुखत नाही’: दाढेपासून छातीपर्यंत पोहोचलेल्या एका संसर्गाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण आमच्या विभागाच्या बैठकीत दोनदा चर्चेला आलं. पहिल्यांदा शस्त्रक्रियेसाठी, दुसऱ्यांदा केसपेपरवरच्या एका ओळीसाठी. पहाटे साडेपाचला लिहिलेली ती ओळ अशी होती: ‘रुग्णाला बरे वाटत आहे, वेदना कमी.’ ओळीत खोटं काहीच नव्हतं. रुग्ण खरोखर तसंच म्हणाले होते. त्यानंतर चाळीस मिनिटांनी मी त्यांना तपासलं तेव्हा त्यांच्या मानेवरची तळहाताएवढी कातडी मेलेली होती आणि श्वासमार्ग बंद व्हायच्या बेतात होता.

रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम, तपासण्यांचे आकडे आणि आमच्या चुका तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण ५४ वर्षांचे गृहस्थ. मधुमेह नऊ वर्षांचा, गोळ्या आठवण झाली की घ्यायच्या. खालच्या जबड्यातली डावीकडची दुसरी दाढ किडलेली होती आणि मधूनमधून ठणकायची. या वेळी ठणका थांबेना म्हणून त्यांनी तीन दिवस स्वतःच्या मनाने वेदनाशामक गोळ्या घेतल्या. चौथ्या दिवशी जबड्याखाली सूज आली तेव्हा ते दंतवैद्यांकडे गेले. तिथे अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडच्या गोळ्या मिळाल्या आणि ‘सूज उतरली की दाढ काढू’ असं ठरलं.

हा पहिला निर्णयबिंदू. सूज असताना दाढ काढली तर संसर्ग पसरतो, ही समजूत जुनी आणि चिवट आहे. खरं तर संसर्गाचं मूळ दाढेत असेल तर ती लवकर काढणं किंवा निदान तिच्यातून पू बाहेर पडायला वाट करून देणं, हाच उपचार. गोळ्या मुळाशी साचलेल्या पुवापर्यंत नीट पोहोचत नाहीत. दंतवैद्यांची अडचणही समजून घेतली पाहिजे. रुग्णाचं तोंड नीट उघडत नव्हतं, त्यामुळे खुर्चीत बसवून दाढ काढणं सोपं नव्हतं. पण तोंड उघडत नाही हीच धोक्याची खूण. अशा रुग्णाला गोळ्या देऊन घरी पाठवायचं नसतं, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवायचं असतं. शिवाय साखर कोणी तपासली नाही.

नेमकी ही दाढ का घातक ठरते हे एकदा डोळ्यांसमोर आणलं की पुढचं सगळं कळतं. तोंडाचा तळ मायलोहायॉइड नावाच्या पातळ स्नायूने झोळीसारखा पेललेला असतो. हा स्नायू खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला तिरक्या रेषेत चिकटतो. पुढच्या दातांची मुळं या रेषेच्या वर संपतात, तर दुसऱ्या दाढेची आणि अक्कलदाढेची मुळं तिच्या खाली उतरतात. त्यामुळे या दोन दाढांचा पू तोंडात न फुटता थेट जबड्याखाली, म्हणजे मानेत जातो. मानेत स्नायू, रक्तवाहिन्या आणि अन्ननलिका यांच्याभोवती आवरणांचे थर असतात आणि त्या थरांमध्ये फटी. त्यातल्या काही फटी सरळ छातीत उतरतात. घशामागची एक फट तर कवटीच्या तळापासून थेट श्वासपटलापर्यंत जाते. शरीररचनेच्या पुस्तकांत तिचं नावच ‘धोक्याची जागा’ आहे.

जबड्याखालच्या दोन्ही बाजूंच्या जागा एकदम सुजून जीभ वर उचलली जाते, त्या आजाराचं वर्णन विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरांनी १८३६ मध्ये केलं. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आमच्या रुग्णाची सुरुवात तिथूनच झाली, पण आजार तिथे थांबला नाही.

रात्री साडेनऊ: समस्या कशी समोर आली

पाचव्या दिवशी रात्री ते तातडीच्या विभागात आले. ताप १०१.५, नाडी ११८, रक्तदाब १०४/६६, श्वास मिनिटाला २२, ऑक्सिजन ९६ टक्के. जबड्याखाली डावीकडे लालसर, घट्ट, गरम सूज, मानेच्या वरच्या भागापर्यंत. तोंड जेमतेम दीड बोट उघडत होतं. जिभेखालचा भाग किंचित वर आलेला. दुखणं मात्र दिसणाऱ्या सुजेच्या मानाने फारच जास्त. हात लावला तरी ते कळवळत होते, आणि लाली नव्हती तिथेही दाबलं की दुखत होतं.

आता मागे वळून पाहताना ही शेवटची दोन वाक्यं मी जाड अक्षरात लिहिली असती. सूज छोटी आणि वेदना मोठी, तसंच लालीच्या पलीकडेही दुखणं: खोल आवरणांमध्ये काहीतरी भयंकर चाललंय याची ही सगळ्यांत लवकर मिळणारी खूण. या टप्प्याला कातडी जवळपास नेहमीसारखीच दिसते, कारण संसर्ग तिच्याखालच्या थरात पळत असतो. कातडीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या गुठळ्यांनी बुजल्या की मग कातडीचा रंग जातो. मानेला आणि चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून इथली कातडी जास्त वेळ तग धरते आणि तितका जास्त वेळ आपल्याला फसवते.

निवासी डॉक्टरांनी बऱ्याच गोष्टी बरोबर केल्या. सलाईन लावली, रक्त तपासायला पाठवलं, रक्ताचं कल्चर (जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घेऊन मगच सेफ्ट्रिअॅक्सोन आणि मेट्रोनिडॅझोल ही प्रतिजैविकं सुरू केली. सुजेत सुई घालून पाहिली. दोन मिलिलिटर पातळ, गढूळ, राखाडी, उग्र वासाचं पाणी आलं. केसपेपरवर नोंद झाली: ‘पू नाही. सेल्युलायटिस.’ म्हणजे कातडीचा साधा संसर्ग. घट्ट पिवळा पू आला नाही, म्हणजे गळू अजून पिकलेलं नाही, म्हणजे चिरा द्यायची वेळ झालेली नाही, असा तो हिशोब. भांडी धुतलेल्या पाण्यासारखा दिसणारा हा द्राव म्हणजे नेक्रोटायझिंग फॅशायटिसची ओळख. या आजारात आवरण आणि चरबी सडत जाते आणि घट्ट पू बऱ्याचदा होतच नाही. पू पिकायची वाट पाहणारा इथे फक्त वेळ घालवतो.

अकराच्या सुमारास रिपोर्ट आले. पांढऱ्या पेशी २१,४००. हिमोग्लोबिन ११.८. सोडियम १२९. किडनीचं काम दाखवणारं क्रिअॅटिनिन १.७. साखर ४१२. शरीरातला दाह दाखवणारं सीआरपी लिटरमागे २८६ मिलिग्रॅम. आजार मऊ ऊतींच्या साध्या संसर्गाचा आहे की सडण्याचा, याचा अंदाज बांधायला सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये एक गुणपद्धत मांडली. ती याच सहा तपासण्यांवर चालते. सहा किंवा जास्त गुण मिळाले तर संशय घ्यायचा. आमच्या रुग्णाचे गुण १३ पैकी ११. ही बेरीज आम्ही चार दिवसांनी केली.

या गुणपद्धतीवर माझा भरवसा बेताचाच आहे. गुण कमी आले म्हणून आजार नाही, असं तिच्या आधारे कधीच म्हणता येत नाही. सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण तिच्या हातून निसटतात. पण गुण ११ येतात तेव्हा मध्यरात्र असली तरी वरिष्ठांना फोन करायला तेवढं कारण पुरतं. तो फोन झाला नाही.

रात्रीचे पर्याय

त्या रात्री निवासी डॉक्टरांसमोर तीन वाटा होत्या. पहिली, लगेच कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं, शिरेतून द्यायचं औषध) देऊन सीटी स्कॅन. दुसरी, मला बोलावून मानेत शोध घेण्यासाठी चिरा. तिसरी, प्रतिजैविकं आणि इन्सुलिन देऊन सकाळपर्यंत लक्ष ठेवणं. त्यांनी तिसरी निवडली. कारण लिहिलेलं आहे: ‘क्रिअॅटिनिन वाढलेले, कॉन्ट्रास्टचा धोका. द्रव देऊन सकाळी सीटी.’

हे कारण मी बऱ्याच केसपेपरवर वाचलं आहे. किडनीची काळजी योग्यच, पण तुलना कशाशी करायची ते विसरलं जातं. या रुग्णाची किडनी बिघडली होती ती शरीरभर पसरत चाललेल्या संसर्गामुळे आणि पाणी कमी पडल्यामुळे. तिला वाचवण्याचा मार्ग संसर्गाचं मूळ शोधण्यातूनच जात होता. जीव जायचा धोका समोर असताना कॉन्ट्रास्ट थांबवायला १.७ हा आकडा पुरेसा नाही.

आणखी एक गोष्ट रात्री झाली. सूज घशाकडे जाऊ नये म्हणून ८ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड शिरेतून दिलं गेलं. मानेच्या खोल संसर्गात श्वासमार्गाची सूज कमी करायला अनेक जण ते देतात आणि त्यामागे तर्क आहे. पण त्याने साखर चढते, ताप झाकला जातो आणि माणसाला काही तास बरं वाटतं. या प्रकरणात हे बरं वाटणंच महागात पडलं.

श्वास २२ होता, तो वेदनेमुळे असेल असं धरलं गेलं. रक्तातला वायू आणि कीटोन पहाटेपर्यंत तपासले गेले नाहीत. पहाटे तपासले तेव्हा पीएच ७.२१ आणि बायकार्बोनेट १२ निघालं. मधुमेहातला कीटोअॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साचणं, रात्रीपासूनच चालू असणार.

मध्यरात्रीनंतर दोन वाजता वॉर्डातल्या सिस्टरांनी लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढली आणि बाजूला वेळ लिहिली. अख्ख्या रात्रीतली सगळ्यांत उपयोगी नोंद हीच. ती करायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

पहाट

साडेपाचच्या फेरीत निवासी डॉक्टरांनी विचारलं, ‘काका, कसं वाटतंय?’ उत्तर आलं, ‘आता दुखत नाही. बरं आहे.’ नोंद झाली.

सहाला सिस्टरांनी मला सरळ फोन लावला. त्यांचे शब्द मला आठवतात: ‘मॅडम, पेशंट बरं वाटतंय म्हणतात, पण लाली रेघेच्या चार बोटं खाली गेलीय आणि ते आडवे व्हायला तयार नाहीत.’

मी सहा वाजून दहा मिनिटांनी पोहोचले. ते पलंगाच्या कडेला पुढे झुकून, हनुवटी पुढे काढून बसले होते. लाळ गिळता येत नव्हती, टॉवेलवर टिपत होते. आवाज तोंडात गरम घास धरून बोलावं तसा. नाडी १३२, श्वास २८, रक्तदाब ९२/५४. लाली गळपट्टीच्या हाडापर्यंत उतरलेली. सुजेच्या मध्यावर जांभळट-करड्या रंगाचा पट्टा, त्यावर दोन फोड. त्या पट्ट्यावर मी चिमटा काढला.

‘लागतंय का?’

‘नाही.’

वेदना कमी झाली होती, कारण कातडीकडे जाणाऱ्या बारीक नसा मेल्या होत्या. आधी प्रचंड वेदना, मग बधिरपणा, हा या आजाराचा ठरलेला क्रम. वेदनाशामक आणि स्टेरॉइड यांनी थोडा हातभार लावला असेल, पण त्या दोन्हींनी कातडी बधिर होत नाही. बोटांनी दाबल्यावर गळपट्टीच्या हाडाच्या वर बारीक करकर जाणवली, म्हणजे ऊतींमध्ये वायू शिरलेला होता. ही करकर सापडली तर निदान जवळपास पक्कं होतं. सापडली नाही म्हणून निदान खोडून काढता येत नाही, कारण ती बऱ्याच रुग्णांत नसते.

रक्तातलं लॅक्टेट ४.६ आलं, म्हणजे ऊतींना रक्त पुरेसं पोहोचत नव्हतं. द्रव, रक्तदाब टिकवणारं नॉरअॅड्रेनालिन आणि इन्सुलिनचं इन्फ्युजन हे सगळं एकदमच सुरू झालं.

श्वासमार्ग: पहिला मोठा निर्णय

मानेच्या अशा संसर्गात माणूस पहिल्या काही तासांत दगावतो तो बहुधा श्वासमार्ग बंद पडून. ऑक्सिजन ९५ टक्के दिसत होता, पण त्या आकड्यावर विसंबणं धोक्याचं. तो आकडा शेवटच्या क्षणापर्यंत चांगला राहतो आणि मग एकदम कोसळतो. पुढे झुकून बसणं, लाळ गळणं, आवाज बदलणं, आडवं न होता येणं, ही चार लक्षणं आकड्याच्या कितीतरी आधी बोलतात.

बसलेल्या अवस्थेतच नाकातून बारीक दुर्बीण घालून मी पाहिलं. जिभेचा मागचा भाग वर ढकललेला, डावीकडची घशाची भिंत आत आलेली, एपिग्लॉटिस, म्हणजे स्वरयंत्रावरचं झाकण, फुगलेलं. स्वरयंत्राची फट दिसत होती, पण चिंचोळी.

एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की आधी सीटी करावा म्हणजे काय कापायचं ते कळेल. हा पर्याय आम्ही एका मिनिटात सोडला. ज्याला आडवं होता येत नाही त्याला स्कॅनच्या टेबलावर आडवं करणं म्हणजे श्वास तिथेच थांबवणं. नेहमीसारखी पूर्ण भूल देऊन नळी घालणं हाही पर्याय नव्हता. भूल दिली की स्नायू सैल पडतात, उरलीसुरली वाट मिटते आणि मग मास्कनेही हवा जात नाही. नाकातून अंदाजाने नळी सारणं तर आणखी वाईट, कारण रक्त आलं किंवा साचलेला द्राव फुटला तर सगळंच संपतं.

खऱ्या अर्थाने दोनच पर्याय होते: जागेपणी फायबरऑप्टिक दुर्बिणीवरून नळी, किंवा जागेपणी स्थानिक भुलेखाली ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन थेट श्वासनलिकेत नळी. माझा हात साहजिकच दुसऱ्याकडे जात होता, कारण ते माझं रोजचं काम. भूलतज्ज्ञांचा कल पहिल्याकडे होता. त्यांचा मुद्दा बरोबर होता. सडलेल्या थरांतून श्वासनलिकेपर्यंत जाणं म्हणजे संसर्गाला छातीकडे नवी वाट करून देणं. शिवाय मान इतकी सुजलेली की खुणेची हाडं हाताला लागत नव्हती.

ठरलं असं: ऑपरेशन थिएटरमध्येच, रुग्ण बसलेले, नाकातून जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन, लिग्नोकेनने घसा बधिर, गुंगीचं औषध नाही. मान आधीच निर्जंतुक करून ठेवायची, मी ग्लोव्हज घालून सुरी हाताशी घेऊन उभी राहणार. दोन प्रयत्न फसले तर तिसरा करायचा नाही, थेट ट्रॅकिओस्टॉमी. हा आकडा आधी मोठ्याने बोलून ठेवणं फार गरजेचं असतं. नाहीतर ‘अजून एकदाच’ करता करता वेळ हातातून जातो.

पहिला प्रयत्न लाळेने दुर्बीण झाकोळल्यामुळे फसला. दुसऱ्यात ६.५ आकाराची नळी गेली. नळी जागेवर असल्याची खात्री झाल्यावरच भूल दिली.

स्कॅन आणि आमची चूक

श्वासमार्ग सुरक्षित झाला, रक्तदाब नॉरअॅड्रेनालिनवर टिकला. आता लगेच कापायचं की आधी सीटी? या आजाराचं निदान शेवटी सुरीनेच पक्कं होतं आणि स्कॅनसाठी शस्त्रक्रिया लांबवू नये हा नियम मला मान्य आहे. पण मानेत एक गोष्ट वेगळी असते: संसर्ग छातीत उतरला आहे का, हे चिरा देऊन कळत नाही. स्कॅनचं यंत्र थिएटरच्या शेजारी होतं, म्हणून आम्ही स्कॅन केला. एकूण चाळीस मिनिटं गेली.

अर्जावर मी घाईत लिहिलं: ‘मान, कॉन्ट्रास्टसह.’ स्कॅन छातीच्या तोंडाशी थांबला. जबड्याखाली आणि मानेच्या मोठ्या तिरक्या स्नायूच्या कडेने वायूचे बुडबुडे, आवरणं जाड, फटींमध्ये द्रव, मोठ्या शिरेत गुठळी नाही. एवढं कळलं. ज्या कारणासाठी ती चाळीस मिनिटं खर्च केली, ते कारणच अर्जावर नव्हतं. कवटीच्या तळापासून पूर्ण छातीपर्यंत, असं लिहायला चार शब्द पुरले असते.

शस्त्रक्रिया

नातेवाइकांशी बोलणं मला जास्त अवघड गेलं. पत्नी आणि भाऊ बाहेर होते. आदल्या रात्री त्यांना ‘दाढेची सूज’ सांगितलेलं, पहाटे ‘बरं वाटतंय’ कळलेलं, आणि आता मी सांगत होते की मानेची कातडी कापून काढावी लागेल, एकाहून जास्त वेळा थिएटरमध्ये न्यावं लागेल, जीव वाचेलच असं नाही. पत्नी म्हणाल्या, ‘डॉक्टर, दाढेसाठी आलो होतो हो आम्ही.’ मी दाढेपासून गळपट्टीपर्यंतची वाट कागदावर काढून दाखवली. सही त्यांनी त्याच कागदाखाली केली, फॉर्मवर नंतर.

डावीकडच्या कानामागून मानेच्या घडीतून उजवीकडे जाणारा लांब चिरा घेतला. कातडीखालचा पातळ स्नायू करडा, त्याखाली तोच राखाडी द्राव, या वेळी वाटीभर. बोट घातलं की थर काही विरोध न करता सुटत होते आणि रक्त येत नव्हतं. ही बोटाची परीक्षा सगळ्या गुणपद्धतींपेक्षा भरवशाची आहे. निरोगी आवरण बोटाला अडवतं आणि कापलं की रक्त देतं.

किती कापायचं? मानेत हात आखडतो, कारण प्रत्येक सेंटिमीटरला काहीतरी महत्त्वाचं असतं. नियम साधा आहे: रक्त येईपर्यंत. ९ बाय ६ सेंटिमीटर कातडी आणि जबड्यापासून गळपट्टीपर्यंतचं वरचं आवरण गेलं. मोठा तिरका स्नायू वरून करडा होता, पण चिरल्यावर लाल निघाला आणि आकसला, म्हणून राहिला. खालच्या ओठाला खाली ओढणारी नस सडलेल्या भागातून जात होती. ती मला वाचवता आली नाही. मोठ्या रक्तवाहिन्यांवरचं आवरण सुजलेलं पण जिवंत होतं.

दाढ त्याच वेळी काढली. तपासणीसाठी नुसता स्वॅब न घेता आवरणाचे तुकडे पाठवले, काही कल्चरला, काही पॅथॉलॉजीला. जखम शिवली नाही. प्रतिजैविकं बदलून मेरोपेनेम आणि क्लिंडामायसिन, त्यात लिनेझोलिड. क्लिंडामायसिन जंतूंना विष तयार करू देत नाही, म्हणून अशा आजारात सुरुवातीचे काही दिवस ते हवंच. व्हॅन्कोमायसिनऐवजी लिनेझोलिड निवडलं ते किडनीकडे पाहून. लिनेझोलिडही विषनिर्मिती दाबतं, त्यामुळे दोन्हींची एकदम गरज होती का, यावर आमच्यात अजून वाद चालतो.

तिसरा दिवस

बावीस तासांनी ठरल्याप्रमाणे पुन्हा थिएटर. रुग्ण कसाही असो, दुसऱ्यांदा उघडून पाहायचं हे आधीच ठरवलेलं असतं. कडेला आणखी दोन सेंटिमीटर मेलेलं आवरण निघालं. जखम बरी दिसत होती, नॉरअॅड्रेनालिन उतरत होतं.

तिसऱ्या दिवशी ताप परत चढला, नॉरअॅड्रेनालिन पुन्हा वाढवावं लागलं, पांढऱ्या पेशी १६ हजारांवरून २४ हजार. मानेची जखम स्वच्छ. जखम चांगली आणि माणूस बिघडतोय, म्हणजे जे दिसत नाही तिथे काहीतरी आहे. या वेळी अर्जावर ‘मान आणि छाती’ लिहिलं. छातीच्या मधल्या भागात, श्वासनलिकेसमोर, वायू मिसळलेला द्रवाचा कप्पा होता, श्वासनलिका दुभंगते त्या जागेच्या वर. डाव्या फुफ्फुसाभोवती थोडं पाणी.

छातीच्या शल्यचिकित्सकांशी चर्चा झाली. दोन वाटा: मानेतूनच खाली जाऊन कप्पा रिकामा करणं, किंवा छातीच्या बाजूने दुर्बिणीने अथवा उघडून. श्वासनलिकेच्या दुभंगाच्या खाली संसर्ग गेला असेल तर मानेतून तिथे नीट पोहोचता येत नाही आणि छाती उघडावीच लागते. इथे कप्पा वर होता, समोर होता, बोटाच्या टप्प्यात होता. आम्ही मानेतून गेलो, द्राव बाहेर पडायला दोन ड्रेन (नळ्या) ठेवले, डाव्या छातीत नळी घातली. ४८ तासांनी पुन्हा स्कॅन करायचा आणि कप्पा उरला तर छाती उघडायची, हे त्याच वेळी लिहून ठेवलं. स्कॅनमध्ये कप्पा मावळलेला दिसला.

पुढचा प्रवास आणि निष्पत्ती

कल्चरमध्ये स्ट्रेप्टोकोकस अँजिनोसस गटातला जंतू आणि प्रिव्होटेला आले. दोघेही तोंडातले नेहमीचे रहिवासी. पॅथॉलॉजीत आवरणाची सड आणि बारीक वाहिन्यांत गुठळ्या. सहाव्या दिवशी प्रतिजैविकं आवरती घेऊन अॅम्पिसिलिन-सल्बॅक्टम एकटं ठेवलं. सातव्या दिवशी, थर स्वच्छ झाल्यावर, ट्रॅकिओस्टॉमी केली. आहार नाकातल्या नळीतून पहिल्या दिवसापासून. एवढ्या मोठ्या जखमेला प्रथिनं लागतात आणि ती उशिरा सुरू केली की भरणं लांबतं. मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीएवनसी ११.२ निघालं होतं.

एकोणिसाव्या दिवशी मांडीची कातडी मानेवर लावली. चोविसाव्या दिवशी गळ्यातली नळी निघाली. एकतिसाव्या दिवशी ते चालत घरी गेले. डावा खालचा ओठ हसताना खाली उतरत नाही, मान डावीकडे पूर्ण वळत नाही. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.४.

वेगळं काय करता आलं असतं

आमच्या बैठकीत बराच वेळ रात्री अकरा ते पहाटे सहा या सात तासांवर गेला. निवासी डॉक्टरांना आजार माहीत नव्हता असं नाही. बैठकीत त्यांनी त्याची सगळी लक्षणं घडाघडा सांगितली. रात्री त्यांच्याकडे तुकडे सुटे सुटे आले: तोंड उघडत नाही, वेदना जास्त, द्राव पातळ, सोडियम कमी, सीआरपी तीनशेच्या जवळ. प्रत्येक तुकड्याला वेगळं साधं कारण सापडत गेलं. मेलेला भाग डोळ्यांना दिसण्याची वाट पाहणं हीच इथली चूक. काळी कातडी, फोड, करकर ही लक्षणं दिसेपर्यंत बरंच ऊतक गेलेलं असतं.

मी स्वतःला वगळत नाही. मानेची खोल सूज, तोंड न उघडणं आणि अनियंत्रित साखर हे त्रिकूट दिसलं की रात्री कितीही वाजता फोन करायचा, असं मी माझ्या हाताखालच्यांना स्पष्ट सांगितलेलं नव्हतं. ‘गरज वाटली तर करा’ एवढंच सांगितलं होतं. गरज वाटायला आधी ओळखता यावं लागतं, आणि नेमकं तेच अवघड.

निरीक्षणाच्या कागदावर आता वेदनेच्या रकान्याशेजारी ‘स्पर्श कळतो का’ असा रकाना आहे. लालीच्या कडेला रेघ दाखल होतानाच ओढली जाते आणि दर तासाला पाहिली जाते. मानेच्या संसर्गासाठी स्कॅनच्या अर्जावर छाती आधीच छापलेली आहे, नको असेल तर खोडायची. स्टेरॉइड द्यायचं असेल तर वरिष्ठांनी रुग्ण पाहिल्यावरच, यावर एकमत झालं नाही. भूलतज्ज्ञांचा विरोध आहे आणि तो अगदीच चुकीचा नाही. श्वासमार्ग सुजत असताना वरिष्ठांची वाट पाहणं हाही धोकाच.

शेवटच्या तपासणीला पत्नींनी विचारलं, ‘रात्रीच कापलं असतं तर?’ मी सांगितलं: मानेवरची कातडी बरीचशी वाचली असती, ओठाची नसही कदाचित, आणि छातीपर्यंत गेलं नसतं अशी शक्यता जास्त होती. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी मला त्या सिस्टर कुठल्या पाळीला असतात ते विचारलं.